सगळे उतरले

शुक्रवारी दुपारी सव्वादोनला तळेगावच्या एका दवाखान्यातून फोन आला आणि एका मुलीने अत्यंत गोड आवाजात महिपतीला सांगितलं की तुमच्याकडे जागा नाही. महिपतीला यात नवीन काही वाटलं नाही. लोणावळ्याच्या या एक खोली आणि स्वयंपाकघराच्या घरात तिघं राहत होती, पलंगाखाली लोहगडवाडीच्या टपरीतली भांडी अजून तशीच बांधून ठेवलेली होती, आणि बाहेरचा माणूस आला की घरातल्या एकाने गॅलरीत जाऊन उभं राहायचं असा अलिखित नियम होता. "न्हाई खरी," तो म्हणाला, "पर तुमाला कुनी सांगितलं?" मुलीने नीट समजावून सांगितलं. "काका, मेलमध्ये जागा नाही. तेजल यांना नेमणुकीचं पत्र पाठवतोय, तीनदा परत आलं. पाच वाजेपर्यंत त्यांचा होकार आला नाही तर यादीतलं पुढचं नाव घेतात." दुसरा पत्ता चालेल का, हे महिपतीने विचारायच्या आधीच ती म्हणाली, "पत्ता बदलता येत नाही. सिस्टीममध्ये हाच आहे." सिस्टीम कुठे असते हे महिपतीला ठाऊक नव्हतं; पण ती जिथे असेल तिथे फार शिस्तीची माणसं बसत असावीत, असं त्याला नेहमीच वाटत आलं होतं.

त्याची लेक तेजल एका छोट्या नर्सिंग होममधली रात्रपाळी करून झोपली होती. तिला उठवलं तेव्हा ती आधी घाबरली, मग चिडली, मग पदराएवढी ओढणी डोक्याला गुंडाळून जमिनीवर फतकल मारून बसली आणि महिपतीचा फोन हातात घेतला. ते खातं तिनेच अकरावीत असताना त्याच्या नावाने उघडलं होतं. घरात एकच चूल, एकच रेशनकार्ड, मग ईमेल तरी दोन कशाला, असा तेव्हाचा विचार. पुढे तिचे कॉलेजचे अर्ज, नर्सिंगचे निकाल, आईच्या डोळ्यांचा रिपोर्ट, सगळं त्याच एका खात्यात येत गेलं, आणि त्याच खात्यात महिपतीच्या फोनमधले फोटो आपणहून जाऊन साठत राहिले. फोटो क्लाउडमध्ये, म्हणजे ढगात जातात, असं तिने त्या वेळी समजावलं होतं. वर्षातले पाच महिने ढगातच राहणाऱ्या माणसाला त्यात विशेष काय वाटणार? त्याने मान डोलावली होती आणि कांदा चिरत राहिला होता. "पंधरा जीबी फुल," तेजल आता म्हणाली. बोटाने वर सरकवत गेली, सरकवत गेली, आणि एकदम हसली. "आबा, चार हजार एकशे बारा फोटो आहेत. हे सगळे अजून वरच?"

महिपती हसला नाही. वर म्हणजे लोहगडावर. त्याची टपरी गणेश दरवाज्याच्या पायऱ्यांच्या तोंडाशीच होती, चढणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जायचा, आणि महिपती प्रत्येकाचा फोटो काढायचा. सुरुवातीला तो चिंचोके वापरायचा: चढला की एक डब्यात, उतरला की एक बाहेर. पण एका रविवारी तेवीस पोरं चढली, तेवीस चिंचोके बाहेर आले, पोरांची बस गेली, आणि मागाहून त्यांच्यातलाच एक डोळे चोळत पायऱ्या उतरला; त्याच्या जागी भलताच कुणी मोजला गेला होता. तो वर लक्ष्मी कोठीच्या गुहेत झोपला होता. त्या दिवशी महिपतीला कळलं की चिंचोक्याला तोंड नसतं. मग कॅमेऱ्याचा फोन आला. चढताना सगळ्यांना ओळीत उभं करायचं, फोटो काढायचा. उतरल्यावर पुन्हा त्याच ओळीत उभं करायचं, फोन त्यांच्यासमोर धरायचा, फोटोतलं तोंड आणि समोरचं तोंड जुळवायचं, आणि मग त्यांच्याच बोटाने फोटो पुसायला लावायचा. पुसणाऱ्याला ताक फुकट. पोरींना हा खेळ आवडायचा. "काका, मी उतरले हं!" असं म्हणत त्या बटण दाबायच्या, आणि महिपती प्रत्येक वेळी गंभीरपणे म्हणायचा, "उतरले." हा शब्द म्हटल्याशिवाय पुसणं पक्कं होत नाही, असा त्याचा समज होता, आणि तो कुणी खोडलाही नव्हता.

पण सगळेच काही त्याच्या समोरून उतरत नाहीत. कुणी गायमुख खिंडीतून विसापूरकडे जातं, कुणी भाज्याला उतरून मळवलीला गाडी पकडतं, कुणाला ताक आवडत नाही. त्यांचे फोटो राहायचे. असे नऊ वर्षांचे राहिलेले आता या जमिनीवर, तेजलच्या मांडीवर, अंगठ्याएवढ्या चौकोनांत बसले होते. रेनकोटातले, टोप्यांतले, एकमेकांच्या डोक्यामागे शिंगं धरणारे, आणि प्रत्येक फोटोत मागे तीच पहिली पायरी. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे टपरी दुसऱ्याला देऊन तो लोणावळ्यात आला, आणि आल्यापासून दर संध्याकाळी, साधारण सहाच्या पुढे, त्याच्या छातीत काहीतरी मोजायला सुरुवात व्हायची. कितीपर्यंत मोजायचं हे मात्र कळायचं नाही. रस्त्यावर मुंबईच्या गाड्या चिक्की घेत उभ्या असायच्या, आणि तो गॅलरीतून त्यांच्यात बसलेली माणसं मोजायचा. बायको, बयाबाई, म्हणायची, "अवं, ती आपली गिऱ्हाइकं न्हाईत. जाऊ द्या त्यांना घरी."

"सगळे एकदम उडवते," तेजल म्हणाली.

"एकदम न्हाई. येक येक."

"आबा, पावणेतीन झालेत."

"व्हय. मग लवकर दाखव."

तिने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी ती स्वतः टपरीवर ताकाचे पेले विसळायची. तिला हा आवाज माहीत होता. ती दाखवू लागली, आणि तो एकेका चौकोनावर बोट ठेवून म्हणू लागला, उतरले. पिवळ्या छत्रीचे पाच, उतरले. बँकेतले लोक, एकाने कमरेला स्वेटर बांधलेला, उतरले. बाप आणि खांद्यावरचं पोर, उतरले, ते पोर आता कॉलेजात असेल. हे म्हणताना त्याला आपण सरकारी शिक्का मारतोय असं वाटत होतं, आणि शिक्का मारणाऱ्याला असतो तसा समोरच्या माणसाबद्दल थोडासा कंटाळाही. तो खोटं बोलत नव्हता. ही माणसं उतरली असणारच. कुणाचा बाप, कुणाची बायको कधी विचारत आली नव्हती, म्हणजे उतरली. जगात सगळ्यांनी मिळून असंच धरून चालायचं असतं, नाहीतर माणूस दुपारचा जेवू शकणार नाही. अर्ध्या तासात एकशे दहा झाले. तेजलने तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि सांगितलं की या वेगाने उद्या सकाळचे नऊ वाजतील. "आणि पुढची बाई तोवर माझ्या वॉर्डात कामाला लागलेली असेल." स्वयंपाकघरातून बयाबाई म्हणाली, "तुज्या बापाला सांग, गडावरची मानसं नंतर उतरव, आधी पोरगी नोकरीवर चढव." मग तेजलने बोट काचेवर टेकवून खाली ओढलं आणि महिनेच्या महिने निवडले गेले, प्रत्येक तोंडावर निळी खूण उमटत गेली. महिपती बघत होता. भाद्रपदापाशी त्याने तिचं मनगट धरलं.

तिथे ती होती. पन्नाशीची बाई, खाकी रंगाचा सलवार-कुडता, खांद्याला पर्स, पायात चामड्याची चप्पल, जणू बँकेत चालली होती आणि वाटेत गड लागला. हातात करडी छत्री. ओळखपत्रासाठी उभं राहावं तशी सरळ, न हसता. आठ वर्षांपूर्वीचा मंगळवार, पितृपंधरवड्यातला. एरवी त्या दिवसांत वाडीत सामसूम असते, पण ट्रेकवाल्यांना पितर नसतात, त्यामुळे तुरळक गिऱ्हाईक होतं. बाईने विचारलं होतं, वर प्यायचं पाणी आहे का. तो म्हणाला टाकी हाय, पर गाळून प्या. मग त्याने ताकाचा पेला पुढे केला, तर ती म्हणाली, "येताना पिते." एवढंच. त्याने पेल्यावर बशी झाकून तो बाजूला ठेवला. दिवसभरात सात गट उतरले, सातही पुसले गेले. पेला तसाच. सहा वाजले, धुकं पायऱ्यांवरून टपरीत उतरून बाकड्यावर बसलं, आणि सव्वासहाला पोलीस पाटील कोंडाजी मोटरसायकलवरून आला. मागे गावातला एकजण. इंजिन चालूच ठेवून त्याने विचारलं, "काय रं महिपती, सगळं उतरलं का? का तुजा फोटू राह्यला?" मागचा हसला.

या हसण्याला आदल्या रविवारचा इतिहास होता. त्या रविवारी लाल शर्टातला एक माणूस उतरला नाही म्हणून महिपतीने बोंब मारली होती. वाडीतले अकरा जण बॅटऱ्या घेऊन पावसात वर चढले होते, एकाचा पाय मुरगळला होता, आणि शेवटी कळलं की लाल शर्ट मळवली स्टेशनावर बसून भजी खातोय. त्या दिवसापासून वाडीत कुणी जेवायला उशिरा आला की घरातली म्हणायची, ह्याचा फोटू पुसला का. देवळात, पारावर, लग्नाच्या पंगतीत. माणसाचं नाव असं एकदा जिभेवर चढलं की ते खाली उतरवायला महिपतीच्या फोनमध्येसुद्धा बटण नव्हतं. तर कोंडाजीने विचारलं, आणि महिपतीच्या हातात फोन होता, फोनवर ती बाई होती, सरळ उभी. त्याने मान खाली घालून सांगितलं, "उतरलं." मोटरसायकल गेली. तिच्या मागचा लाल दिवा धुक्यात बराच वेळ दिसत राहिला.

मग तो स्वतः निघाला. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतली. बयाबाईला सांगितलं की वासरू सुटलंय, बघून येतो. पहिल्या पायरीवर थांबला, कारण नियम म्हणजे नियम. फोन उलटा धरून स्वतःचा फोटो काढला आणि वर चढला. चारी दरवाज्यांतून गेला. माथ्यावर धुकं इतकं होतं की स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटावा. तो विंचूकाट्याच्या दिशेने गेला, जिथे गडाची सोंड निमुळती होत पुढे जाते आणि दोन्ही बाजूंना नुसता आवाज असतो, वाऱ्याचा. तिथे उभं राहून त्याने हाक मारली, "अवं बाई, ओऽ!" आणि उत्तर आलं. लांबून नाही, दहाएक पावलांवरून. "तुम्ही व्हा पुढे, मी आले." घाबरलेला नाही, रडवेला नाही, घरातली बाई वेणी घालता घालता बाहेर खोळंबलेल्या नवऱ्याला सांगते, तसा आवाज. त्याला इतकं बरं वाटलं की तो वळला. आठ वर्षं तो या एका गोष्टीपाशी येऊन थांबत होता, की त्याला बरं वाटलं म्हणून तो वळला. दहा पावलं होती. तो पुढे झाला, म्हणजे मागे फिरला, चारी दरवाजे उतरला, टपरीत येऊन बसला, आणि बशीखालचं ताक आंबट होईपर्यंत कुणीही आलं नाही. सकाळी उजाडताच तो पुन्हा वर गेला. गवत होतं. गवतावर पाणी होतं. नऊच्या आत खाली येऊन त्याने पोहे टाकले. कुणी विचारत आलं नाही, पेपरात काही आलं नाही, दरीत काही सापडलं नाही. ती भाज्याच्या वाटेने उतरून संध्याकाळच्या गाडीने गेली असेल, चारचौघांसारखी, एव्हाना तिला नातवंडंही झाली असतील. फक्त त्याने फोटो पुसायला घेतला की ती ओळखपत्रासारखी उभी असायची, आणि त्याचं बोट काचेवर उतरायचं नाही.

"ही उतरली न्हाई," तो तेजलला म्हणाला. "म्या उतरली म्हनलं." आणि सगळं सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली. आठ वर्षं पोटात वागवलेली गोष्ट चार मिनिटांत संपते हे पाहून त्याला थोडं शरमल्यासारखं झालं. स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज मधेच कधीतरी थांबला होता. तेजलने दवाखान्यातल्या सवयीने विचारलं, "कुणाला कळवलं होतं?" त्याने नकारार्थी मान हलवली. मग तिच्या हातून फोन घेऊन त्याने उगाचच, जणू तीही त्या दिवसाच्या कामातलीच एक बाब असावी तशी, कोंडाजीचा नंबर लावला. पाटीलकी संपल्यापासून कोंडाजी उर्स्याला मुलाकडे राहत होता. त्याच्या आवाजामागे टोलनाक्यावरच्या गाड्या सतत सुटत होत्या.

"कोंडाजी, त्या मंगळवारी म्या सगळं उतरलं म्हनलं व्हतं."

"कंच्या मंगळवारी?"

"आठ वर्सं झाली."

बऱ्याच गाड्या गेल्या. मग कोंडाजी म्हणाला, "ती बाई व्हय?"

महिपतीने बाईचं नावही काढलं नव्हतं. "तुला कसं ठावं?"

"तुज्या हातातल्या फोनावर दिसत व्हती की. गाडीवरनं सरळ दिसत व्हती. पर तू उतरलं म्हनलास, मला बी जेवायला जायाचं व्हतं." तो खोकला. "दुसऱ्या दिशी गेलतो म्या वर. दुपारी. तू उभा व्हतास विंचूकाट्यावर, डोक्यावर पोतं घिऊन. म्हनलं, हा बघतोय तर आपन कशाला. फिरलो मागं."

"दुपारी म्या खाली पव्हं देत व्हतो."

"मंग पोतं घिऊन कोन उभा व्हता?"

उर्स्यात एक ट्रक बराच वेळ हॉर्न देत राहिला. शेवटी कोंडाजी म्हणाला, "आता काय, चढायचं का?"

"न्हाई."

"मंग फोन कशापायी केलास?"

"जागा करतोय," महिपती म्हणाला.

फोन परत घेऊन तेजलने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. "आबा, ही बाई ठेवते. एका फोटोने काही बिघडत नाही, तीन एमबी. बाकी सगळे काढू?" त्याने होकार दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याला ते बघायचं नव्हतं. मागे तेजलचं बोट एकदाच टेकल्याचा आवाज आला, पाण्याचा थेंब पडावा एवढा, आणि चार हजार फोटोंतली माणसं गेली. तो पुटपुटला, उतरले. एकाच वेळी एवढ्यांसाठी म्हटलेला शब्द पुरेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. "छे!" तेजल म्हणाली, "जागा तेवढीच दाखवतोय. कचऱ्याच्या डब्यात गेलेत सगळे. तिथे साठ दिवस राहतात." महिपतीने वळून पाहिलं. "म्हंजी अजून मधल्या दरवाज्यातच?" "हो. डबा रिकामा केला की मग झालं. मग मात्र परत आणता येत नाही." तिने विचारलंही नाही आणि त्यानेही सांगितलं नाही, पण ती अर्धा क्षण थांबली, एवढं त्याला पुरलं. मग डबा रिकामा झाला. फोनवर एक निळी रेघ होती ती आखडत आखडत इवलीशी राहिली, आणि खोलीत, खरं तर काहीच हललेलं नसताना, पुष्कळ माणसं उठून गेल्यावर होतो तसा मोकळेपणा झाला. चपला शोधून, एकमेकांना हाका मारत. चार वाजून पस्तीस मिनिटांनी पत्र आलं. तेजलने ते दोनदा वाचलं, होकार पाठवला, आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली. बयाबाईचे हात पिठाचे होते, तिने ते लांब धरून ठेवले. "बास गं. पीठ लागंल," ती म्हणत होती, आणि तिचाही आवाज धड नव्हता.

रडून झाल्यावर तेजलने नाक पुसत फोन पुन्हा उचलला, साखर आणायला निघण्याआधी सहज चाळावा तसा. "आबा, दोन राहिलेत. बाईच्या शेजारचा चुकून सुटला वाटतं. हा कोण?" तिने फोन त्याच्यासमोर धरला. पोत्याची खोळ, त्याखाली भिजलेलं तोंड, भोकरासारखे डोळे, आणि कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून माणूस वर कुठेतरी बघतोय. मागे पहिली पायरी. "भिकारी आहे का?" तेजल म्हणाली. "याला काढू?" बयाबाई पदराला हात पुसत आली, तिने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ आणला. तिचा मोतीबिंदू उजव्या डोळ्याचा काढला होता, डाव्याचा राहिला होता. "भिकारी कुटला," ती म्हणाली. "ह्यो तुजा बाप. वासरू बघाया गेलता." मग अगदी साध्या आवाजात, भाजी करपली असं सांगावं तसं, ती म्हणाली, "तवापसनं आलाच न्हाई. म्या तवाच म्हनलं व्हतं, गेलता त्यो येगळा, आलाय त्यो येगळा."

"आई, काहीतरीच."

"काहीतरीच काय? आठ वर्सं मी ह्याला वाढतीया. अर्ध्या जेवनात हात थांबतो, कान वर. म्हनलं तर म्हनतो, कुनी हाक मारली का." तिने फोन महिपतीच्या गालाशेजारी धरला, तो ट्रेकवाल्यांचा धरायचा तसाच, आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "नाक त्येच हाय," ती म्हणाली. "बाकी बगावं लागंल."

तेजल हसली. हसावं की नाही हे न कळून हसली. "आबा, उतरलात ना तुम्ही? इथे बसलाय समोर. पुसा, तुमच्याच बोटाने. आणि आई, पुसणाऱ्याला ताक." बयाबाई खरोखरच आत गेली, भांड्याचा आवाज आला, ताक पेल्यात पडल्याचा आवाज आला. महिपतीने फोन मांडीवर घेतला. काचेवर दोघंच होती आता, शेजारी शेजारी, मधे केसाएवढी पांढरी रेघ. बाकीची सारी जागा मोकळी, पांढरी, आणि ती पांढरी जागा त्याला ओळखीची वाटली. तिला दोन्ही बाजूंनी वाऱ्याचा आवाज होता. त्याने बोट स्वतःच्या फोटोवर ठेवलं. निळी खूण उमटली. एकदा दाबलं की तो उतरणार होता, चारी दरवाजे, पायऱ्या, टपरी, लोणावळा, पोरीची नोकरी. गुडघे शिवशिवले. आणि दहा पावलांवरून, न घाबरता, न रडता, कुणीतरी अगत्याने म्हणालं, तुम्ही व्हा पुढे, मी आले.

त्याने बोट उचललं. निळी खूण गेली.

"काय झालं?" तेजलने विचारलं.

"राहू दे," महिपती म्हणाला. "बाई येकटी हाय वर."

बयाबाईने ताकाचा पेला त्याच्यासमोर आणून ठेवला. त्याने आत जाऊन एक बशी आणली, ती पेल्यावर झाकली, आणि पेला भिंतीकडे सरकवून, पाय लांब करून, कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसासारखा निवांत बसला.